गरम केलं म्हणजे जंतू मेले का? हाफकिनच्या लशीपासून जखमी रायबोसोमपर्यंत

"डॉक्टर, कालची खीर होती, पण मी गरम करूनच मुलांना दिली. तरी दोघांना उलट्या कशा झाल्या?"

ऑक्टोबर हीटच्या दिवसांत बाळकुमच्या दवाखान्यात हा प्रश्न मला हमखास ऐकू येतो. त्याच्याच जोडीला आणखी एक प्रश्न असतो: "ताप आला की अंगातले जंतू उष्णतेने मरतात ना? मग ताप उतरवायचा कशाला?"

दोन्ही प्रश्नांमागे एकच समजूत आहे. उष्णता लागली की जंतू मरतो, असं आपण धरून चालतो. समजूत अगदीच चुकीची नाही, पण अर्धी आहे. उरलेला अर्धा भाग कळायला शास्त्रज्ञांना जवळजवळ शंभर वर्षं लागली, आणि त्या कथेची सुरुवात आपल्याच मुंबईत होते. ती नीट कळली तर घरातलं दूध, कालचं जेवण, ताप आणि अँटिबायोटिक या चारही गोष्टींकडे तुम्ही जरा वेगळ्या नजरेने पाहाल.

भायखळ्याची एक खोली, १८९६

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. पुढच्या काही महिन्यांत निम्मी मुंबई गाव सोडून पळू लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना काम करायला जागा मिळाली आणि तिथे त्यांनी प्लेगविरुद्ध लस बनवायला घेतली.

त्यांची पद्धत ऐकायला आपल्याला घरगुती वाटेल. मांसाच्या रसात ते प्लेगचे जंतू वाढवत आणि त्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवत. जंतू त्या थेंबांना चिकटून खाली लोंबत वाढायचे. भरपूर वाढ झाली की ते सगळं सुमारे ७० अंश सेल्सिअसला तासभर तापवायचं. जंतू मेले, पण त्यांची ओळख शिल्लक राहिली, म्हणजे लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. पुढे त्यांची प्रयोगशाळा परळला गेली. आज आपण जिला हाफकिन संस्था म्हणतो, ती हीच. हाफकिन यांचं नाव तिला १९२५ मध्ये मिळालं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ७० अंश आणि एक तास हे आकडे अनुभवातून आले होते. इतकी उष्णता दिली की जंतू पुन्हा वाढत नाहीत, एवढं दिसत होतं. पण उष्णतेने जंतूच्या आत नेमकं काय मोडतं, हे त्या काळी जगात कोणालाच माहीत नव्हतं.

हे अज्ञान हाफकिन यांना महागात पडलं. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतली लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांनी थोडंच आधी लस बनवण्याच्या पद्धतीत बदल केला होता. जंतुनाशक कार्बोलिक आम्ल घालणं सोडून ते केवळ उष्णतेवर भरवसा ठेवत होते. चौकशीत बोट त्यावरच ठेवलं गेलं आणि त्यांना काम सोडावं लागलं. नंतर पुढे आलं ते असं: गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. सर रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू मांडली आणि १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. पण बदनामीची ती वर्षं काही परत आली नाहीत.

"उष्णता पुरेशी होती का?" या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर देण्यासाठी जंतूच्या आत डोकावायला हवं होतं. त्याला अजून अर्धं शतक जायचं होतं.

जंतूच्या आतला माग

पुढचं समजण्यासाठी रायबोसोम ही एक गोष्ट माहीत हवी.

बाळकुमहून कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडी. तिथला यंत्रमागांचा खडखडाट तुम्ही ऐकला असेल. जिवंत पेशीत असेच माग असतात. फरक एवढाच, की ते कापड नाही, प्रथिनं विणतात. जनुकाकडून नक्षीचा कागद येतो, त्याप्रमाणे हा माग एकेक मणी जोडत प्रथिनाची साखळी बनवतो. या मागाचं नाव रायबोसोम. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या साध्या जिवाणूतही असे हजारो रायबोसोम असतात. प्रत्येकाचे दोन भाग असतात, एक छोटा आणि एक मोठा. काम करताना ते जोडले जातात, काम झालं की सुटे होतात. रायबोसोमचा सुमारे दोन तृतीयांश भाग आरएनएचा आणि बाकीचा पन्नासहून अधिक प्रथिनांचा असतो.

माग बंद पडले तर कारखाना बंद. म्हणून जिवाणूसाठी रायबोसोम हा जीव की प्राण.

आता उष्णतेचं पाहू. अंडं उकडलं की पाण्यासारखा पांढरा भाग घट्ट होतो, कारण त्यातल्या प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि ती एकमेकांत गुंततात. जिवाणूच्या आतही तेच होतं. १९९१ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी ई. कोलायला हळूहळू तापवत त्याचा कुठला भाग कधी मोडतो ते मोजलं. ज्या तापमानाला जिवाणू झपाट्याने मरू लागतात, त्याच टप्प्यात त्यांचे रायबोसोम उलगडत होते. म्हणजे हाफकिन यांच्या ७० अंशांच्या बाटलीत जे मोडत होतं, त्यात हे माग प्रमुख होते.

इलिनॉयमधला प्रयोग: मेलेले जंतू उठून बसले

पण तापमान इतकं जास्त नसेल तर?

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात जॉन ऑर्डल आणि त्यांचे विद्यार्थी अन्नातल्या जंतूंवर काम करत होते. त्यांनी स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू घेतला. तो आपल्या नाकात, त्वचेवर, हातावरच्या जखमेत राहतो आणि तिथून खिरीत, पेढ्यात, क्रीमच्या केकमध्ये पोचतो. त्यांनी हा जंतू ५५ अंशांना फक्त १५ मिनिटं तापवला.

नंतर खारट माध्यमावर, जिथे हा जंतू एरवी छान वाढतो, तिथे तो पसरून पाहिला. जवळजवळ काहीच उगवलं नाही. वरवर पाहता ९९ टक्क्यांहून जास्त जंतू संपले होते. पण तेच तापवलेले जंतू पौष्टिक रसात कोमट ठेवले, तर सुमारे चार तासांत ते पुन्हा खारट माध्यमावर वाढायला लागले.

ते मेले नव्हते. जखमी झाले होते.

जखम कुठे होती? तपासल्यावर दिसलं, की उष्णतेने रायबोसोमचे, विशेषतः त्यांच्या छोट्या भागाचे, नुकसान झालं होतं आणि त्यातला आरएनए तुटला होता. त्या चार तासांत जंतू नवा आरएनए बनवून आपले माग पुन्हा उभे करत होता. आरएनए बनवणं औषधाने रोखलं, तर जंतू सुधारेनासे झाले. १९६६-६७ च्या या कामानंतर अन्नशास्त्रात 'जखमी जंतू' ही कल्पना रुजली.

आता तुमच्या खिरीकडे या. रात्रभर ओट्यावर राहिलेली खीर सकाळी नुसती कोमट केली, पुन्हा झाकून ठेवली आणि दुपारी मुलांना दिली, तर आपण जंतूंना काय दिलं? आधी थोडी जखम आणि मग बरं व्हायला उबदार, गोड, दुधाळ जागा.

यात आणखी एक गोम आहे. हा जंतू वाढताना अन्नात विष सोडतो. ते विष नंतर उकळलं तरी सहजासहजी नष्ट होत नाही. म्हणून "गरम करून दिली होती" हे खरं असूनही उलट्या होऊ शकतात. चूक बहुतेक वेळा सकाळच्या गॅसवर झालेली नसते, ती रात्रीच्या ओट्यावर झालेली असते.

नेपल्सची माशी आणि धोक्याची घंटा

जखम झाल्यावर दुरुस्ती होते हे कळलं. पण जंतूला उष्णतेची चाहूल लागते कशी?

याचा धागा अनपेक्षित ठिकाणी सापडला. १९६० च्या सुरुवातीला इटलीत नेपल्स इथे फेरुच्चो रितोसा हा तरुण शास्त्रज्ञ फळमाशीवर काम करत होता. कोणीतरी चुकून माशांच्या उबदार पेटीचं तापमान वाढवलं. रितोसा यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर माशीच्या गुणसूत्रांवर नव्या जागी फुगे आले होते, म्हणजे तिथली जनुकं अचानक कामाला लागली होती. त्यांचा लेख एका नामांकित नियतकालिकाने परत पाठवला. तो १९६२ मध्ये दुसरीकडे छापून आला.

तेव्हा तो फक्त माशीचा गमतीदार किस्सा वाटला. पण १९७८ च्या सुमारास अमेरिकेत फ्रेडरिक नाइडहार्ट यांच्या आणि जपानमध्ये ताकाशी युरा यांच्या प्रयोगशाळांत दिसलं, की ई. कोलायसुद्धा हेच करतो. त्याला ४२ अंशांवर नेलं की काही मिनिटांत ठरावीक प्रथिनांचं उत्पादन एकदम वाढतं. यांना उष्माघात-प्रथिनं असं नाव पडलं. माणसाच्या उष्माघाताशी गल्लत करू नका. इथे अर्थ एवढाच, की उष्णतेचा धक्का बसल्यावर तयार होणारी प्रथिनं. माशी, माणूस, यीस्ट, जिवाणू, सगळ्यांत ती आहेत. इतकी जुनी सोय निसर्गाने क्वचितच जपली असेल.

ई. कोलायमधली घंटा तर फारच साधी आहे. या प्रथिनांची जनुकं चालू करणाऱ्या मुकादमाचा निरोप एका आरएनएच्या पट्टीवर लिहिलेला असतो. थंड असताना ती पट्टी स्वतःवरच दुमडलेली असते, त्यामुळे रायबोसोमला ती वाचता येत नाही. उष्णता वाढली की घडी सुटते आणि निरोप वाचला जातो. वेगळा थर्मामीटर लागत नाही, ती पट्टीच थर्मामीटर असते. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी हे दाखवून दिलं.

मागाचे जॉबर

घंटा वाजल्यावर कोण धावतं? यंत्रमागाच्या कारखान्यात माग अडला की जॉबर येतो. इथेही वेगवेगळ्या कामांचे जॉबर आहेत.

काही प्रथिनं नव्याने विणलेल्या साखळीला हात देऊन तिची घडी नीट बसवतात. काही एकमेकांत गुंतलेल्या प्रथिनांचा गठ्ठा सोडवतात. हे मदतनीस प्रसिद्ध आहेत. पण २००० च्या सुमारास खास रायबोसोमची काळजी घेणारे दोन जॉबर लक्षात आले.

पहिल्याचं नाव एचएसपी-१५. उष्णतेच्या धक्क्याने कधी कधी विणकाम चालू असतानाच रायबोसोमचे दोन भाग निखळतात. मोठ्या भागात अर्धवट विणलेली साखळी अडकून राहते. अर्धं कापड अडकलेला माग नव्या कामाला घेता येत नाही. एचएसपी-१५ नेमक्या अशाच अडकलेल्या मोठ्या भागाला जाऊन चिकटतं आणि तो मोकळा होऊन पुन्हा वापरात यायला मदत करतं.

दुसऱ्याचं नाव आरआरएमजे. हे रायबोसोमच्या मोठ्या भागातल्या आरएनएवर एका ठरावीक जागी एक छोटीशी रासायनिक खूण बसवतं. खूण इतकी लहान, की क्षुल्लक वाटावी. पण हे प्रथिन नसलेले जिवाणू रडतखडत वाढतात, आणि त्यांच्यात जोडलेले रायबोसोम कमी आणि सुटे भाग जास्त दिसतात. म्हणजे मागाचा एक स्क्रू न कसल्यासारखं होतं. उष्णता वाढली की जिवाणू हा स्क्रू कसणारा जॉबर जास्त संख्येने कामाला लावतो.

उष्णतेतच संसार थाटलेले जिवाणूही आहेत. आपल्या ठाणे जिल्ह्यात तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं आहेत. जगभरच्या अशा झऱ्यांत उष्णताप्रिय जिवाणू सापडतात. त्यांचे रायबोसोम मुळातच दणकट असतात. जपानमधल्या गरम झऱ्यातून मिळालेल्या अशाच एका जिवाणूच्या रायबोसोमचा छोटा भाग घेऊन वेंकटरमण रामकृष्णन यांच्या गटाने २००० मध्ये त्याची रचना अणूअणूने मांडली. तमिळनाडूत जन्मलेल्या आणि बडोद्यात शिकलेल्या रामकृष्णन यांना, थॉमस स्टाइट्झ आणि अडा योनाथ यांच्यासह, २००९ चं नोबेल मिळालं. ही रचना कळली म्हणूनच आपली कितीतरी अँटिबायोटिक्स रायबोसोमच्या कोणत्या खाचेत बसतात ते दिसू लागलं.

औषधही जंतूला तापासारखं वाटतं

हो, तुम्ही घेता त्यांतली बरीच अँटिबायोटिक्स याच मागावर घाव घालतात. अझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन, अमिकासिन ही त्यांतली नेहमीची नावं. टीबीवरचं पहिलं प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन हेही त्याच जातीचं. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिनपाठोपाठ तेही बनू लागलं, आणि महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला त्याची इंजेक्शनं चांगलीच आठवत असतील.

१९९० मध्ये नाइडहार्ट आणि रूथ व्हॅन बोगेलन यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. तापमान न वाढवता ई. कोलायला स्ट्रेप्टोमायसिन दिलं, तरी त्याच्या आत उष्णतेचीच घंटा वाजली. कारण समजण्यासारखं आहे. स्ट्रेप्टोमायसिनमुळे माग चुकीचं विणतो, बिघडलेल्या प्रथिनांचा ढीग होतो, आणि जंतूला वाटतं आपण भाजतोय. उलट टेट्रासायक्लिनसारख्या औषधांनी माग अडला, तेव्हा जंतू थंडीचा धक्का बसल्यासारखा वागला. म्हणजे रायबोसोम हा विणणारा माग तर आहेच, पण बाहेर काय चाललंय हे जंतूला सांगणारा पहारेकरीही आहे.

तुमच्या दृष्टीने याचा अर्थ काय? काही औषधं जंतूला थेट मारतात, काही फक्त त्याची वाढ रोखतात आणि उरलेलं काम आपली प्रतिकारशक्ती करते. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणजे सगळे जंतू संपले असं नसतं. काही जखमी असतात आणि त्यांचे जॉबर कामाला लागलेले असतात. म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका, आणि मनाने वाढवूही नका. हल्ली बऱ्याच आजारांत कमी दिवसांचा डोसही पुरतो. टीबीत मात्र महिनोन्‌महिने औषध घ्यावं लागतं. किती दिवस, हे आजार पाहून डॉक्टर ठरवतात.

मग ताप जंतूंना मारतो का?

आता दुसरा प्रश्न सोपा झाला. आपला ताप ३९-४० अंशांपर्यंत जातो. ई. कोलाय त्या तापमानाला मजेत वाढू शकतो, आणि ५५ अंशांत भाजलेला स्टॅफिलोकॉकसही सावरतो. त्यामुळे ताप म्हणजे अंगातले जंतू उकळणं नव्हे. तापाचा मुख्य फायदा वेगळा आहे. त्याने आपल्या संरक्षक पेशी चपळ होतात आणि काही जंतूंची वाढ थोडी मंदावते. म्हणून साध्या तापाला घाबरून दर दोन तासांनी गोळी देऊ नका. पण "ताप जंतू जाळतोय" म्हणून अंगावर गोधड्या घालून तो वाढवूही नका. त्रास होत असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या, पाणी पाजत राहा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, किंवा कोणालाही तीन दिवसांहून जास्त ताप राहिला, गुंगी, धाप किंवा झटके आले, तर लगेच डॉक्टरांकडे या.

घरासाठी एवढं लक्षात ठेवा

१. उरलेलं अन्न पुन्हा गरम करताना मधपर्यंत वाफ येऊ द्या. मध्यभागी निदान ७० अंश हवेत. कडेला बुडबुडे आणि मध्ये गार, हे चालणार नाही. ढवळत राहा.

२. गरम केलेलं अन्न पुन्हा कोमट ठेवू नका. ५ ते ६० अंश हा जंतूंच्या वाढीचा आणि सावरण्याचा पट्टा. शिजवलेलं अन्न दोन तासांत फ्रिजमध्ये जाऊ द्या. वीज गेली आणि फ्रिज बराच वेळ बंद राहिला, तर दुधाच्या पदार्थांचा मोह सोडा.

३. वास नाही म्हणजे विष नाही, असं नसतं. रात्रभर बाहेर राहिलेली खीर किंवा बासुंदी उकळून वाचवू नका, टाकून द्या. भाताचंही तसंच. भातातल्या जंतूचे बीजाणू उकळीतही टिकतात.

४. सुटं दूध पूर्ण उकळा. पिशवीतलं दूध डेअरीत ७२ अंशांना १५ सेकंद किंवा तत्सम पद्धतीने तापवून लगेच थंड केलेलं असतं. ते थंडच राहिलं याची खात्री नसेल तर तेही उकळा, आणि वापरून झालं की फ्रिजमध्ये ठेवा.

५. हाताला पिकलेली जखम असेल तर स्वयंपाक दुसऱ्या कोणाला करू द्या, निदान गोड दुधाचे पदार्थ तरी.

त्या दोन मुलांना मीठ-साखरेचं पाणी पाजून संध्याकाळपर्यंत बरं वाटलं. त्यांच्या आईला मात्र अपराधी वाटत होतं. तिला मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. तुम्ही गरम केलंत, तुमचा हेतू बरोबर होता. हाफकिन यांच्यासारख्या माणसालाही उष्णतेवर ठेवलेल्या भरवशापायी पाच वर्षं दोष सोसावा लागला होता. आज जंतूच्या आत काय मोडतं आणि काय पुन्हा उभं राहतं, ते आपल्याला माहीत आहे. तेव्हा गॅस बंद करण्याआधी मध्यभागी वाफ आली का, एवढं एकदा बघा.